अभिसरणकाका

भेटेल त्याच्या रक्ताभिसरणाचे निदान करून काढे सुचवणारा अभिसरणकाका हा प्रकार बहुधा निवृत्तीनंतर उदयाला येतो. बँक, वीजमंडळ किंवा जिल्हा परिषदेतून बाहेर पडलेल्या गृहस्थांचा ईसीजी एकदा निघतो, डॉक्टर 'काही नाही, चालत जा' म्हणतात आणि वर्षभरात काका तयार होतात. पहाटे ते पुण्याच्या तळजाईवर, दादरच्या शिवाजी पार्कात आणि लहान गावी एसटी स्टँडमागच्या मैदानावर आढळतात. बायकांतही ही प्रवृत्ती असते. पण त्या लेकी-सुनांपाशी थांबतात, काका अनोळखी माणसालाही सोडत नाहीत.

त्यांची निदानपद्धती हातापासून सुरू होते. समोरच्याचे नख दाबून ते पांढरे करायचे आणि लाली परत येताना बघायचे. ही तपासणी दवाखान्यातही करतात. तिथे लाली दोन सेकंदांत परतते का ते मोजतात. काका मोजत नाहीत, कारण निदान आधीच ठरलेले असते: "रक्त घट्ट झालंय तुमचं." पायाला मुंग्या, विसराळूपणा, गळणारे केस, जावयाचा तापटपणा, सगळ्याचे मूळ तेच.

औषधांत पहिला मान लसणाचा. अनशापोटी दोन पाकळ्या, त्याही ठेचून. ठेचण्याचा हा आग्रह अगदी बरोबर आहे, कारण अॅलिसिन हे द्रव्य अख्ख्या पाकळीत नसते, ती ठेचल्यावर तयार होते. काकांना हे ठाऊक नसते. बाकावर शेजारी बसणाऱ्याला मात्र परिणाम लगेच कळतो. दुसरी अर्जुनाची साल. तिचा क्षीरपाक दूध आणि पाणी एकत्र उकळून, पाणी आटून दूध उरेपर्यंत करायचा असतो. काका तेवढ्यात व्हॉट्सअॅप बघतात, दूधही आटते आणि पातेले काकूंच्या वाट्याला येते. "त्यांचं अभिसरण होतं, हात माझे दुखतात," एवढेच काकू म्हणतात.

तिसरा दुधीचा रस, आणि इथे मात्र हसू आवरावे लागते. कडू ते गुणकारी, हा काकांचा सिद्धान्त. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. त्याच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब कोसळतो आणि माणसे दगावलीही आहेत. पहिला घोट कडू लागला की पेला ओतून द्यावा, मग आग्रह कितीही होवो.

वनस्पतीत गुण असतात हे काकांचे म्हणणे खोटे नाही. सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. काका हे श्रेय परस्पर ऋषिमुनींना देतात. डॉ. वकिलांनी रुग्णांचे रक्तदाब मोजून नोंदी ठेवल्या, हा भाग काकांना रुक्ष वाटतो. त्यांची स्वतःची मापे चिमूटभर, बोटभर आणि 'अंदाजे' ही तीनच. सत्तर किलोच्या पैलवानाला आणि चाळीस किलोच्या आजींना डोस एकच. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची कूळकथाही कुजलेल्या क्लोव्हरच्या चाऱ्यापर्यंत जाते. तो खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती, आणि 1948 मध्ये वॉरफरिन बाजारात आले ते उंदरांचे विष म्हणून. ही वनौषधींची थोरवी काकांकडून ऐकायला मिळत नाही.

खुद्द काकांचे रक्ताभिसरण मात्र ठणठणीत असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळून पायांतले रक्त वर ढकलतात, आणि काढ्याच्या बाटल्या पोचवायला काका लिफ्ट नसलेल्या तीन इमारती चढतात. रक्तदाबाची एक गोळीही ते न चुकता घेतात, सूनबाई देते म्हणून. श्रेय अर्थात काढ्याचे.

बाटली दारात आली की घेऊन आभार मानावेत. तेवढा शेजारधर्म आहे. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरले असेल, तर असा कोणताही खुराक आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा, कारण भरपूर लसणाने रक्तस्राव वाढू शकतो. फोडणीतल्या लसणाची काळजी नको, काकांच्या लसणाची करावी.