डावीकडेही फिरतं

गिटारचा आवाज मुद्दाम फाडून घ्यायला लोक पैसे मोजतात, हे उर्से टोलनाक्यावर उभं राहून कुणाला पटवायचं? तिथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हॉर्नचा फाटका आवाज टोल न भरताच मिळतो.

तरी हौसेला मोल नाही. बॉस कंपनीचं १९७८ सालचं नारिंगी डीएस-१ पेडल घ्या. त्यावर नॉब तीनच. ‘डिस्ट’ वाढवला की सिग्नल फुगतो आणि आतले डायोड लहरीचे शेंडे छाटतात. तीच ती खरखर. ‘टोन’ डावीकडे घुमा, उजवीकडे कर्कश. ‘लेव्हल’ फक्त बाहेर पडणारा आवाज ठरवतो, फाटणं नाही. नवशिके नेमके इथेच गडबडतात. गिटारची वायर खोचलेली राहिली, तर ९ व्होल्टची बॅटरी गुपचूप उतरत राहते. बाकी पायाने दाबलं की खरखर बंद. केवढी ही सभ्यता!

आपल्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींचंही तंत्र हेच. अ‍ॅम्प्लिफायरला झेपेनासं झालं की तोही शेंडे छाटतो. मात्र तिथे ‘डिस्ट’ आणि ‘लेव्हल’ यांचं लग्न लागलेलं असतं आणि पायाखालचं बटण कुणालाच सापडत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती वाचायला शांतता लागते, हीच काय ती अडचण.

ओरडा खातो तो मात्र खोलीत दार लावून सराव करणारा पोरगा. डीजेवाले दादा, नॉब डावीकडेही फिरतो, एकदा फिरवून बघा.