फेटेवाले स्वयंसेवक

ऑस्ट्रेलियात 21 मार्चला 'हार्मनी डे' असतो. 1999 पासून तो साजरा होतो आणि त्याचा ठरलेला रंग नारिंगी. तो ठरवणारा कधी कोल्हापूरला जाऊन आला होता का, कोण जाणे. पण पश्चिम सिडनीतल्या आमच्या ढोल-लेझीम पथकाचं त्याने कल्याण केलं. बाकीचे लोक त्या दिवसापुरता नारिंगी टीशर्ट शोधत दुकानं पालथी घालतात. आमचे फेटे गणपतीपासून गॅरेजात बॅगा भरून पडलेलेच असतात.

पथक पोरांचं, पण मीटिंगा आईबापांच्या. या दिवसाच्या कार्यक्रमासाठी नगरपालिकेच्या अर्जात 'आपल्या संस्कृतीचं पन्नास शब्दांत वर्णन करा' असा रकाना होता. त्यावर दोन रविवार गेले. पुणेकरांच्या मते संस्कृती म्हणजे ढोल-ताशा, बाकी सगळं पूरक. मुंबईकरांना कोळीनृत्य हवं होतं. सांगलीचे एक काका 1982 च्या दिल्ली एशियाडवर अडून बसले. उद्घाटनाला सांगलीच्या पोरांनी लेझीम केलं होतं, हे ते अशा थाटात सांगतात की बाकीचे खेळ नंतर उरकून घेतले असावेत. नागपूरच्या वहिनींनी एवढंच विचारलं, "आम्ही महाराष्ट्रात येतो ना हो?" शेवटी पन्नास शब्दांत चार जिल्हे आणि शिवाजी महाराज बसवले. स्टेजवर मिळाली सात मिनिटं. सात मिनिटांत आमच्याकडे दीपप्रज्वलनसुद्धा होत नाही.

मग धोक्यांचा तक्ता. प्रत्येक वस्तूपासून कुणाला काय इजा होऊ शकते, ते लिहून द्यायचं. लेझीम: पायावर पडणे. ध्वज: वाऱ्याने कलणे. फेटा: सुटून पायात येणे. ढोलापुढे एका बापाने प्रामाणिकपणे 'शेजारी' असं लिहिलं होतं, ते आम्ही खोडलं. ढोलांना कातड्याची पानं नाहीत, प्लॅस्टिकची आहेत. कातडं म्हटलं की इथल्या विमानतळावर ते जाहीर करा, तपासून घ्या, आणि मग बसा वाट बघत.

पोरं या सगळ्यात कुठेच नव्हती. त्यांचा जन्म इथला, मराठी आमच्या धाकाने शिकलेलं. मोठ्यांनाही सर्रास अरेतुरे. "काका, तू फेटा हळू बांध ना, माझे कान आत गेले!" असं एक पंधरा वर्षांचा मावळा ओरडत होता. काका तोंडात पिन धरून म्हणाले, "कान महाराजांच्या काळीही आतच असायचे."

स्टेजमागची जागा मात्र बघण्यासारखी होती. आयरिश नाचाच्या मुली कुरळ्या केसांचे टोप सावरत बसल्या होत्या, आणि चिनी सिंहाचं मुंडकं बाकावर ठेवून त्याचा मागचा अर्धा भाग आमच्या स्टॉलवरचा वडापाव खात होता. सामोअन मुलांपैकी एकाने सहज ढोल कमरेला बांधला, टिपरू उचललं आणि आमच्या पोरांना जो ठेका बसायला अख्खा जानेवारी गेला, तो ऐकता ऐकता वाजवला. पुणेकरांचे चेहरे तेव्हा बघायला हवे होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "आपल्याकडे घेता येईल का याला?" संस्कृतीरक्षणाची इतकी व्यवहारी व्याख्या मी कुठल्याही साहित्य संमेलनात ऐकलेली नाही.

निवेदिकेने आधी ही इथल्या मूळ रहिवासी दारुग लोकांची भूमी असल्याचा आदराने उल्लेख केला आणि मग आम्हाला 'बॉलिवूड ड्रमर्स' म्हणून स्टेजवर बोलावलं. सांगलीचे काका उठून निषेध नोंदवणार, इतक्यात ताशा तडतडला आणि निषेध बुडाला. लेझमीची रांग दोनदा उलट्या दिशेने वळली, एक फेटा सुटला (तक्त्यात होताच), पण लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

खरी गंमत त्यानंतरची. नगरपालिकेचे स्वयंसेवकही नारिंगीच घातलेले. त्यामुळे लोक आमच्या फेटेवाल्यांना विचारू लागले: पार्किंग कुठे, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे? पोरांनी एकाचाही गैरसमज दूर केला नाही. झेंडा उंच, लांबून दिसणारा. तेव्हा संध्याकाळपर्यंत हरवलेली मुलं ध्वजधाऱ्यापाशी आणून सोडायची पद्धतच पडली. एकदा तर त्याच्याभोवती एक व्हिएतनामी, एक लेबनीज आणि एक आमच्याच खजिनदाराचा मुलगा, असे तिघे आइस्क्रीम खात बसले होते.

पुढच्या आठवड्यात आभाराचं पत्र आलं. वादनाबद्दल त्यात दोन ओळी होत्या. उरलेला मजकूर, पुढच्या वर्षी तो उंच झेंडा दिवसभर चौकशी तंबूशेजारी उभा करता येईल का, याबद्दल होता. आमची मीटिंग बसली आहे. पुणेकरांची अट एकच: तंबूत ढोल हवा.