सादळलेली नाहीत, मऊ आहेत

मिनिॲपोलिस
२० डिसेंबर

ती. आई-बाबा आणि आजी,


सोबतचा डबा इतक्यात उघडू नका, आधी पत्र वाचा. आई, तू मोठ्याने वाच, आणि वाचून होईपर्यंत डबा बाबांच्या हाती देऊ नकोस.

परवा व्हिडिओ कॉलवर मी संत्र्याचं बिस्किट वाकवून दाखवलं. ते मोडलं नाही म्हणून मी खूश, आणि बाबा म्हणाले, "हे तं सादळलं ना बे!" मागून आजी, "गच्चीवर उन्हात ठेव म्हणा घटकाभर." आजी, इथं बाहेर उणे अठरा आहे. गच्चीवर ठेवलं तर त्या बिस्किटानं खिळा ठोकता येईल. तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली आणि माझी बाजू मांडायची राहून गेली. उद्या पुसदचे एक काका सुट्टीवर निघालेत, यवतमाळवरूनच जातील. त्यांच्या हाती डबा आणि हा खुलासा पाठवतो.

इथं नाताळाच्या आधी शेजारीपाजारी 'कुकी एक्स्चेंज' करतात. प्रत्येकानं एकाच प्रकारची बिस्किटं डझनावारी करून न्यायची आणि घरी येताना सगळ्यांची थोडी थोडी घेऊन यायची. आपल्याकडे दिवाळीत ताटांवर रुमाल टाकून फराळ इकडून तिकडे जायचा, तसंच. फरक एवढाच की 'यांच्या चकलीत मोहन कमी पडलं' हे इथं कोणी घरी जाऊन बोलत नाही. निदान मला ऐकू आलं नाही.

तुमची सून म्हणाली, विकतचं नेऊ. मी म्हटलं, दत्त चौकापलीकडच्या भट्टीवर उभं आयुष्य गेलेला माणूस मी, मी विकतचं नेऊ? बाबा, आठवते ना ती दिवाळीआधीची रांग? मैदा, पिठीसाखर, डालडा पिशवीत घालून तुम्ही मला भट्टीवर बसवून यायचे. काम एकच, आपला डालडा आपल्याच नानकटाईत पडतो की नाही यावर लक्ष ठेवायचं. ट्रे आत गेला की नंबरवाल्या बायांमध्ये भांडण लागायचं आणि मी ऊबेला झोपून जायचो. डालडा कुठं गेला, देव जाणे. तेलाच्या रिकाम्या पिप्यातून गरम नानकटाई घरी आली की आई पहिली फोडून बघायची. 'कट' असा आवाज आला तर पास.

म्हणजे बघा, आपल्या घरात बिस्किटाची परीक्षा कानानं. इथं ती बोटानं घेतात. दाबलं की खड्डा पडला पाहिजे.

तर संत्री आणली. जाळीच्या पिशवीत, लिंबाएवढी, साल सैल, बी एकही नाही. पोट्ट्यांना बी थुंकायची मजाच नाही बापा. चवीला नुसती गोड. आपल्या नागपुरी संत्र्याला जो शेवटी आंबट झटका असतो, तो नाही. (आंबिया बहार संपत आला असेल ना तिकडे? ठेल्यावर काय भाव चालू आहे, ते कळवा.) म्हणून लिंबूही आणलं.

खरी गंमत सालीत आहे. मी आणि दादा साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत पिचकारी मारायचो आणि आजीचा मार खायचो, आठवतं? डोळे झोंबवणारं ते तेल म्हणजेच संत्र्याचा सगळा वास. रस भट्टीत गेला की त्याचा वास उडून जातो, सालीचा टिकतो. म्हणून सालीचा फक्त नारिंगी भाग बारीक किसायचा. खालचं पांढरं आलं की कडू. इथल्या फळांना मेण लावलेलं असतं, तेव्हा आधी गरम पाण्यानं घासून धुवायची. मग तो कीस साखरेत टाकून बोटांनी चोळायचा. चोळता चोळता साखर ओलसर होते, केशरी होते आणि घरभर तुझ्या उटण्याचा वास सुटतो, आई. आमची चिऊ म्हणाली, "बाबा, आज अभ्यंगस्नान आहे?"

पुढे लोणी, मैदा, चिमूटभर सोडा. आजी, अंडं टाकलं नाही, तुझी शपथ. त्याऐवजी पाव वाटी दही घातलं, दह्याच्या आंबटपणानं सोडा फुलतो. मग ३५० डिग्रीवर अकरा मिनिटं. बाबा, घाबरू नका, ते फॅरनहाइट आहे. आपल्या हिशेबानं १७७. या मापानं आपल्या मे महिन्यातलं ४५ म्हणजे ११३ होतात, हे इथल्या लोकांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत.

पहिला घाणा बिघडला, तो माझ्यातल्या यवतमाळकरामुळे. अकराव्या मिनिटाला बिस्किटं कच्ची दिसत होती. कच्ची दिसतात तेव्हाच काढायची असतात, पुढे ती गरम ट्रेवर शिजतात. पण मनाला पटेना. मी आणखी नऊ मिनिटं ठेवली. 'कट' आवाज आला. मला आनंद झाला, सुनेला झाला नाही.

दुसरा घोटाळा वरच्या साखरेचा. आंबटगोड लेप म्हटल्यावर मी सवयीनं कढईत पाक ठेवला. तो कडक झाला, बिस्किटांवर ओतला, गार झाल्यावर काच झाली. त्याला विस्तवच लागत नाही हे नंतर कळलं. वाटीभर पिठीसाखरेत दोन चमचे लिंबू-संत्र्याचा रस, बस. आणि बिस्किट पूर्ण गार झाल्याशिवाय लावायचं नाही, नाही तर आपली जुनी शकुंतला आगगाडी बरी, इतक्या निवांतपणे लेप घसरत खाली येतो.

तिसरा घाणा जमला. समोरच्या घरातल्या आजीबाईंनी एक बिस्किट दाबलं, खड्डा पडला, आणि त्यांनी डोळे मिटून "किती मऊ!" म्हटलं. चार खाल्ली. सादळलेलं बिस्किट कोणी चार खातं का, बाबा?

आता सूचना. बिस्किटं तव्यावर गरम करू नयेत. उन्हात वाळवू नयेत, वरची साखर झडेल. चहात बुडवलीत तर चमच्यानं काढावी लागतील. आणि आई, तू डब्यात तळाशी कागद आणि तांदळाची पुरचुंडी ठेवशील, मला माहीत आहे. ठेवू नकोस. इथं डब्यात मुद्दाम ब्रेडचा तुकडा ठेवतात, म्हणजे त्याचा ओलावा बिस्किटं ओढून घेतात. आपण त्याजागी पोळीचा तुकडा ठेवू. हो, मुद्दाम. तू आयुष्यभर जे होऊ नये म्हणून झाकणं घट्ट केलीस, तेच हे लोक हौसेनं करतात.

मुंग्यांचं मात्र तुझंच खरं. परातीत पाणी घालून मधोमध डबा ठेव.

तुमचा,
बंड्या

ता. क. पहिल्या घाण्यातली सहा बिस्किटं कागदात वेगळी गुंडाळली आहेत. ती बाबांची.