न पोचताच पोचल्याचं पत्र

समुद्रावरच्या वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं. कडेचं बटण दाबलं की आपलं तोंड उघडतं आणि कान मिटतात. बटण सोडलं की कान उघडतात आणि तोंड मिटतं. दोन्ही एकदम उघडी ठेवायची सोय त्या यंत्रात केलेलीच नाही. दोन जहाजांनी एकाच वेळी बटणं दाबली तर दोघांनाही दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, आणि तिसऱ्याला नुसती खरखर. माणूस घडवताना विधात्याने एवढी खबरदारी घेतली असती तर पुष्कळ संसार शांत झाले असते. थोडे नीरसही झाले असते म्हणा.

माझ्या भाच्याकडे असा एक हँडसेट आहे. भाचा मर्चंट नेव्हीत अधिकारी. महिनोन्महिने पाण्यावर काढलेला माणूस सुट्टीत डोंगरावर जाईल असं आपल्याला वाटतं. पण हा मुंबईला आला की छोटी शिडाची बोट घेतो, पुन्हा पाण्यातच जातो आणि सोबतीला मामाला नेतो. माझं काम हँडसेट सांभाळण्याचं. मुठीत भरून उरेल असं ते काळं, रबरी, जाडजूड प्रकरण आहे. वर बोटभर एरियल, पोटावर छोटा पडदा, आणि एका झाकणाखाली लाल बटण. ते झाकण उचलून बटण काही सेकंद दाबून धरलं की संकटाची हाक आपोआप जाते. बोटीचा नऊ आकडी क्रमांक आणि आपण कुठे आहोत ते अक्षांश-रेखांशांसकट. आपल्या देशातल्या क्रमांकांची सुरुवात ४१९ने होते. हा सेट पाण्यात पडला तर बुडत नाही. तरंगतो, आणि तरंगताना लुकलुकतो. जाळीत पाणी शिरलं तर एक बटण दाबायचं, की तो अंगभर थरथरून पाणी झटकून टाकतो, एखाद्या ज्येष्ठ गायकाने तानपुरे लागेपर्यंत घसा साफ करून घ्यावा तसा. त्यानंतरचा त्याचा आवाज खरोखरच सुरेल वाटतो.

त्याची ताकद मात्र बेताचीच, फार तर ५-६ वॅट. मोठ्या जहाजावरचा सेट २५ वॅटचा असतो. पण खरा प्रश्न ताकदीचा नसतो, उंचीचा असतो. या लहरी पृथ्वीच्या गोलाईला फारशा वळत नाहीत, क्षितिजापलीकडे सरळ निघून जातात. बोटीत बसून बोललं तर दुसऱ्या तशाच बोटीपर्यंत जेमतेम काही सागरी मैल. उभं राहून हात वर केला तर आणखी थोडं. "मामा, उंच धर," असं भाचा सारखा सांगतो. शाळेत उत्तर येत नसताना वर केलेला हात मला पुष्कळदा आठवतो. इथे तो हात निदान उपयोगी पडतो.

पण या हँडसेटचं खरं वैशिष्ट्य त्या पडद्यात आहे. आसपासची जहाजं आपापलं नाव, जागा, दिशा आणि वेग हवेत सांगत असतात आणि हा ते टिपून घेतो. याला एआयएस म्हणतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना २००४ संपेपर्यंत ते यंत्र बसवणं सक्तीचं झालं. चालतं मोठं जहाज वेगानुसार दर २ ते १० सेकंदांनी आपला ठावठिकाणा सांगतं. नांगर टाकला की दर ३ मिनिटांनी. आमच्या लहानपणी कुणीही गावाला गेलं की पोचल्याचं पत्र टाकायचं असे. पत्र येईपर्यंत घरातल्या बायका देवापुढचा दिवा जरा जास्तच उजळ ठेवत. ही जहाजं न पोचताच पोचल्याचं पत्र टाकत असतात, आणि दहा सेकंदांत दुसरं.

एवढी पत्रं एकमेकांवर आदळत कशी नाहीत, हे भाच्याने मला समजावून सांगितलं. त्यासाठी दोन वाहिन्या आहेत आणि प्रत्येकीवरच्या एका मिनिटाचे २,२५० तुकडे केलेले असतात. प्रत्येक जहाज आधी ऐकतं, कुठला तुकडा रिकामा आहे ते पाहतं, तो आपल्यासाठी राखून ठेवतं, आणि पुढचा कुठला घेणार तेही सांगून टाकतं. वर कुणी अध्यक्ष नाही, घंटा नाही, चिठ्ठी पाठवणारा सूत्रसंचालक नाही. साहित्य संमेलनातल्या परिसंवादाला बसलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवायला बराच वेळ लागतो. सेकंदाच्या सदतिसाव्या भागात आपलं म्हणणं मांडून खाली बसणारे वक्ते मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो.

यंत्राचा भाग असा निर्दोष. पण काही रकाने माणसांनी हाताने भरायचे असतात, आणि तिथे आपली माणसं लगेच ओळखू येतात. मुंबईच्या बाहेरच्या नांगरवाड्यात एक मोठं जहाज नांगर टाकून निवांत उभं होतं. पडद्यावर ते 'इंजिनावर मार्गस्थ' होतं, वेग शून्य, आणि त्याचं गंतव्य अजून फुजैरा बंदर होतं. फुजैरा बहुधा मागच्या फेरीतच येऊन गेलं असावं, रकाना बदलायचा राहिला. भरती फिरली तशी शेजारची सगळी नांगरलेली जहाजं संथपणे तोंडं फिरवून एकाच दिशेला पाहू लागली. हेही फिरलं, पण फुजैराचा ध्यास काही सुटला नाही. मला त्याच्याविषयी उगाच आपुलकी वाटली. आपल्यातही अशी माणसं असतात, केव्हाची एका जागी स्थिरावलेली, पण विचारलं तर अमुक ठिकाणी निघालोय म्हणून सांगणारी.

नावाचा रकाना तर आणखी गमतीचा. त्यात रोमन लिपीची मोठी अक्षरं तेवढी मावतात, आणि तीही २०. 'श्री एकवीरा आई प्रसन्न' हे नाव त्या लिपीत बसवू गेलं तर मधल्या जागा धरून २५ खणं लागतात. म्हणजे एखाद्या तांडेलाने श्रद्धेने हे नाव भरलं, तर अरबी समुद्रावर 'श्री एकवीरा आई प्र' एवढंच घुमेल. देवी आहे, पण प्रसन्न होता होता जागा संपली.

पडद्यावर नाव दिसलं की सगळ्यात महत्त्वाचे दोन आकडे खाली येतात: हे जहाज आपल्या जास्तीत जास्त जवळ किती येईल, आणि ते किती मिनिटांनी. दोघंही आहे त्याच दिशेने, आहे त्याच वेगाने जात राहिली तर, अशी एक अट त्यात गृहीत असते. जुन्या ओळखी, दुरावलेले मित्र, लग्न ठरता ठरता राहिलेली स्थळं यांचेही असे आकडे काढता आले असते. फक्त ती अट पाळणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

दक्षिणेला, नजर तीक्ष्ण असेल तर, खांदेरी दिसते. तिथल्या दीपगृहाचा दिवा १८६७पासूनचा, आणि बेटाला आता नाव आहे सरखेल कान्होजी आंग्र्यांचं. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपलं दस्तक घ्यावं, असा कान्होजींचा आग्रह असे, आणि इंग्रजांना तो मानवत नसे. मला वाटून गेलं, हा हँडसेट सरखेलांच्या हातात पडला असता तर? जहाजाचं नाव, लांबी, रुंदी, ते किती खोल बसलंय, कुठे चाललंय, कधी पोचणार. सगळं जहाज स्वतःहून सांगतंय, न विचारता, दर काही मिनिटांनी. कान्होजींना प्रथम हा फितुरीचा डाव वाटला असता. आजही चाचेगिरीच्या पाण्यात धोका वाटला तर कप्तानाला हे यंत्र बंद ठेवायची मुभा असते. तेवढ्यापुरता सरखेलांचा धाक शिल्लक आहे.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. समोर नौदलाची करडी युद्धनौका उभी होती, आख्ख्या क्षितिजात तिच्याएवढं ठसठशीत दुसरं काही नव्हतं. पडद्यावर तिचं नावही नाही. युद्धनौकांना ही सक्ती नाही. आणि डाव्या हाताला, डोलजाळ्यांच्या खांबांपाशी, दोन माणसांची एक होडी लाटेमागे जात होती, वर येत होती. तीही पडद्यावर नाही. २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २० मीटरहून लांब मच्छिमार बोटींना हे यंत्र लागू झालं. २०२४च्या ऑगस्टमध्ये १ लाख बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना पालघरहून सुरू झाली. पण त्यांचं बोलणं उपग्रहाशी, आमच्या हँडसेटशी नाही. म्हणजे सगळ्यात बलाढ्य आणि सगळ्यात लहान, दोघंही यादीबाहेर. पडद्यावर दिसतो तो मधला वर्ग, वेळेवर अर्ज भरणारा आणि प्रत्येक रकान्यात काहीतरी लिहिणारा. आमच्यासारखा.

यादीबाहेरच्या त्या होडीकडे बघताना मला 'रामदास' आठवली. माझी आजी रेवसच्या बाजूची. पावसाळ्यात कुणी बोटीने जायचं नाव काढलं की ती हातातलं काम खाली ठेवी. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. शहर एवढं जवळ, आणि त्याला दुपार उलटेपर्यंत पत्ता नाही. जगलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा कळलं. जी वाचली त्यांतली पुष्कळ कोळ्यांनी वाचवली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या होड्यांनी माणसं वर ओढून घेतली. आजी ही गोष्ट सांगताना बुडालेल्यांपाशी फार थांबत नसे. "मासळी पाण्यात टाकली रे त्यांनी, जागा करायला," इथे ती थांबायची. कुठल्याही पडद्यावर ज्या कधी दिसल्या नसत्या, त्या होड्या आधी पोचल्या.

म्हणून या हँडसेटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पडद्यावर नाही. ती आहे १६ नंबरचा चॅनल. १५६.८ मेगाहर्ट्झ. मोठ्या जहाजांनी तो सतत ऐकत राहायचा असतो. त्यावर हाक मारायची, समोरच्याने ओ दिली की दुसऱ्या चॅनलवर जाऊन काय बोलायचं ते बोलायचं, आणि हा मोकळा सोडायचा. न जाणो, कुणाला लागेल. आम्ही तासन्‌तास त्याची बारीक खरखर ऐकत असू. मधूनच कुणी पायलटला हाक मारी, एखादा टग उत्तर देई, की पुन्हा खरखर. भाचा सांगतो, रात्री भर समुद्रात कधीकधी कुणीतरी त्यावर शीळ घालतं, गाणं लावतं. सक्त मनाई आहे. पण पहाटेच्या पहाऱ्यावर एकट्या असलेल्या त्या माणसाला ठाऊक असतं, की आसपासच्या प्रत्येक जहाजावर कुणीतरी अनोळखी माणूस ऐकत बसलं आहे. तेवढ्यासाठी तो नियम मोडतो, आणि बाकीचे बहुधा जरा उशिरानेच रागावतात.

जहाजांच्या या सांगण्याचं वेड खरं लागलंय ते माझ्या ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला. तिच्या मोबाइलवर जहाजं बाणांसारखी दिसतात. लेकाचा बाण किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत असतो तोवर ती सुखात असते. पण ही सगळी पत्रं किनाऱ्यावरचे मनोरे झेलतात. जहाज खोल समुद्रात गेलं की ती उपग्रहालाच ऐकू येतात, आणि उपग्रहाचं ऐकायला पैसे पडतात. त्यामुळे एके दिवशी बाण भर समुद्रात थबकतो. ताईचा घास तिथेच अडतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिने जहाजाच्या कंपनीला फोन लावला होता. भाच्याने पुढे तिला समजावलं, "अगं आई, जहाज कुठे जात नाही. किनारा मागे राहतो." ताईने ते ऐकून घेतलं. पटवून घेतलं नाही.

भाच्याने मला एकदा समुद्रातली टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम दाखवले, १९७२चे. त्यातला पाचवा म्हणतो, प्रत्येक जहाजाने सदैव नीट टेहळणी ठेवायची, डोळ्यांनी आणि कानांनी. आणि शिवाय मिळतील त्या बाकीच्या साधनांनी. मला तो एवढा आवडला की मी ताईला वाचून दाखवला. म्हटलं, बघ, पडद्याचा नंबर नंतर लागतो. ती म्हणाली, "ज्यांचे डोळे आणि कान तिथवर पोचत नाहीत, त्यांनी काय करायचं, तो नियम कितवा?"

मी आणि भाचा, दोघांनीही पानं चाळल्यासारखं केलं.

आता तो बंदर आलं की न चुकता फोन करतो. ताईने त्याआधीच बाण धक्क्याला लागलेला पाहिलेला असतो; किती वाजता लागला तेही तिने देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं असतं. तरी फोन उचलल्यावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोचलास का रे?" आणि तोही, तिला काहीच ठाऊक नसल्यासारखा, कधी निघालो, वारा कसा होता, कुठे थांबलो, सगळं पहिल्यापासून सांगत बसतो. त्या फोनवर मात्र दोघं एकदम बोलतात, आणि दोघांनाही सगळं ऐकू येतं.