उभयपक्षी फायद्याची गोष्ट

परकीय गुंतवणुकीत परस्पर हित कसं जपतात, हे महाराष्ट्राला एन्रॉन या ऊर्जा कंपनीने शिकवलं. फी जबर होती, पण गुरुजी थेट अमेरिकेचे! 1993 चा वीजखरेदी करार मोठा न्याय्य होता. वीज गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला तयार व्हायची, दर डॉलरशी बांधलेला आणि वीज मंडळाने ती उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. नफा एकाचा, जोखीम दुसऱ्याची, वाटणी चोख.

1995 मध्ये प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना करणारे सत्तेवर आले. त्यांनी करार रद्द केला, फेरवाटाघाटी केल्या आणि दुसऱ्या टप्प्यालाही मान्यता दिली. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला, वर्षअखेरीस एन्रॉन दिवाळखोरीत गेली. समुद्र तेवढा वाचला.

आता आपण शहाणे झालो आहोत. जानेवारी 2025 मध्ये दावोसला सुमारे 15.70 लाख कोटींचे सामंजस्य करार केले. त्यातले तीन लाख कोटींहून अधिक रिलायन्सचे. रिलायन्सच्या नरिमन पॉइंटच्या कार्यालयातून मंत्रालयात चालत जाता येतं. पण बर्फात सही केली की गुंतवणूक जागतिक होते.

पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने बंगळूरला 10.27 लाख कोटींच्या गुंतवणुकीचा आकडा जाहीर केला. तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या म्हैसूरजवळच्या वरुणाचे आमदार. वरुणाच्या आणि गुहागरच्या मतदारांनी आपापल्या आमदाराकडे एकच मागणी करावी: सही होण्याआधी संपूर्ण करार विधिमंडळात मांडा. ज्या कराराला उजेड सोसत नाही, त्यात फायदा एकाच पक्षाचा असतो.