भोंगा कधी वाजणार?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. तो वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, थेट साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, घरच्यांनी एकमेकांशी बोलावं, एवढाच हेतू. बातमी वाचून जो तो म्हणाला, ‘हल्लीच्या पोरांना अशीच शिस्त हवी!’ भोंगा आईबापांसाठीही आहे, हे कोणी ऐकलंच नाही.

रत्नागिरीजवळच्या आमच्या भाट्याला भोंगा नाही. रविवारी संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या बनापासून काजळी नदीच्या मुखापर्यंत एक फेरी मारा. पोरांना घेऊन आलेली कुटुंबं ‘क्वालिटी टाइम’ उरकत असतात. मूल समुद्राकडे बघतं, बाप मुलाकडे बघतो, पण पडद्यातून. ‘हस ना! आता परत तिकडून धावत ये!’ पोर दोनदा धावतं, तिसऱ्यांदा भोकाड पसरतं. मग गप्प करायला तोच फोन त्याच्या हातात.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आईने तान्ह्या बाळासमोर बसायचं, पण काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळं आधी हसून, हातवारे करून आईला बोलतं करू पाहायची. जमेना, तशी कासावीस होऊन तोंड फिरवायची. तेव्हा त्या कोऱ्या चेहऱ्यासाठी आयांना मुद्दाम सूचना द्याव्या लागल्या. आता एक नोटिफिकेशन पुरतं.

‘पूर्वी तरी कोण बघायचं हो पोरांकडे?’ असं विचारणारे भेटतातच. बरोबर आहे. आजी काही नातवासमोर ध्यान लावून बसत नव्हती. विळीवर फणस चिरत असायची, हात तेला-चिकाने बरबटलेले. पण ‘आठळीतून झाड कसं येतं?’ म्हटलं की उत्तर यायचं; फारच विचारलं तर धपाटा. फणसात हात अडकायचे, कान नाही. आणि चोवीस तास पोराच्या डोक्यावर बसणं ही त्या पोराला शिक्षाच, तीही कोणी मागत नाहीये.

परवा ओहोटीला ओल्या वाळूत चारेक वर्षांची एक मुलगी उकिडवी बसली होती. इवल्या कुर्ल्या वाळूच्या गोळ्या वळून बिळाभोवती टाकत होत्या आणि ती जागची हलत नव्हती. एवढ्यात बाबा फोन रोखून धावत आले. कुर्ल्या गडप.

‘बाबा, त्या घाबरल्या ना!’

‘बोलाव गं त्यांना परत. व्हिडिओ हललाय.’