शेजारच्या फायलीची ओळखपरेड

माझ्याच संगणकात, एकाच फोल्डरात दोन फायली नांदतात. एक वेबपान, दुसरी किराण्याच्या हिशेबाची. पानातला दहा ओळींचा जावास्क्रिप्ट प्रोग्राम हिशेब वाचायला गेला, तर ब्राउझरने त्याला दारातच अडवलं. दोघींचं मूळ (‘ओरिजिन’) एक नाही म्हणे! बरं, या पानाचं मूळ काय? ब्राउझरच्या दप्तरी नोंद आहे: ‘नल’. म्हणजे बेवारस.

संशय अगदीच अनाठायी नाही. ईमेलमधून उतरवून घेतलेलं एखादं लबाड पान शेजारच्या फायली वाचून परस्पर बाहेर धाडू शकतं. हाच धोका ओळखून फायरफॉक्सनेही २०१९ मध्ये शेजारधर्माची सवलत काढून घेतली. पण उपाय बघा. त्याच फोल्डरात पायथनचा एका ओळीचा सर्व्हर चालू करायचा. फायली त्याच, डिस्क तीच, मालक तोच. पत्त्यावर तेवढा ‘लोकलहोस्ट’चा शिक्का. लगेच ‘या, बसा!’

जुन्या जावा ॲपलेटांचा, म्हणजे पानात बसवलेल्या छोट्या जावा प्रोग्रामांचा, थाट आणखी वेगळा होता. नेटवरून आलेल्या ॲपलेटावर डिजिटल सही नसेल, तर त्याला आपल्या एकाही फायलीला हात लावता येत नसे. सही असली आणि आपण न वाचता ‘होय’ दाबलं, की सगळं घर मोकळं.

आता तर फाइल स्वतःच्या हाताने निवडून दिली, तरी पानाला तिचा खरा पत्ता मिळत नाही. त्याला सांगितलं जातं ‘सी:\फेकपाथ\’. ही थाप एचटीएमएलच्या मानकातच रीतसर लिहून ठेवली आहे. ज्या मॅकला सी ड्राइव्हच नाही, तोही बिचारा हाच पत्ता सांगतो, रेशनकार्डावरच्या जुन्या बिऱ्हाडासारखा.